शब्दचर्चा : 'ग्रिप' म्हणजे नक्की काय? आणि दोन्हीकडे चालणाऱ्या टायरला काय म्हणायचं?

पाणंदवाला

मंडळी, गेल्या महिन्यात साताऱ्यात मागचा टायर बदलायला गेलो होतो. गाडी म्हणजे रॉयल एन्फील्डची हिमालयन मोटरसायकल, जुनी 411 वाली. दुकानातल्या पोरानं विचारलं, "ऑन-रोड पाहिजे का ऑफ-रोड?" सोबत आमचे आप्पा होते. ते म्हणाले, "ऑफ म्हणजे? रस्ता बंद असतो तवा?" पोरगं हसलं, मीही हसलो. पण आप्पांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही.

माझं रोजचं जाणं असं : 22 किलोमीटर डांबर, त्यात गावांमधून काँक्रीटचे पट्टे, आणि शेवटचे 3 किलोमीटर पाणंद, म्हणजे शेतांतून जाणारी कच्ची वाट. आता ही पाणंद 'ऑफ-रोड' कशी? तिथून उसाची ट्रॉली जाते, दूधवाला जातो, लग्नाचं वऱ्हाड जातं. सरकारी योजनेच्या नावातसुद्धा 'शेत/पाणंद रस्ते' असंच लिहिलेलं आहे. म्हणजे सरकारदरबारी तो रस्ता आणि टायरच्या दुकानात तो रस्ता नाही!

दुसरा घोळ 'ग्रिप' या शब्दाचा. दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं मागं बटण टायर टाकला होता. मोठी मोठी बटणं, मधे बोट जाईल एवढ्या खाचा. "काय ग्रिप आहे!" असं सगळे म्हणायचे. पहिल्या पावसात ओल्या काँक्रीटवर साधा ब्रेक दाबला आणि गाडी मागून आडवी. हँडलचा आरसा आणि माझा गुडघा, दोन्ही गेले. गावात प्रत्येकानं एकच विचारलं, "एवढी ग्रिप असून घसरलास कसा?" उत्तर काय द्यावं ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, शब्दानंच फसवलं.

तर विचारायचं असं की टायरवरच्या नक्षीला वेगळा आणि रस्ता धरण्याला वेगळा शब्द आपल्याकडे आहे का? आणि दोन्हीकडे चालणाऱ्या टायरला काय म्हणावं? 'ड्युअल पर्पज' आप्पांना सांगून बघितलं. त्यांनी चहा मागवला.

तुंबा आणि आरे

छान विषय. 'टायर'ला आपल्याकडे जुना शब्द होताच : धाव. बैलगाडीच्या लाकडी चाकाला बाहेरून जी लोखंडी पट्टी असते ती. लोहार धाव भट्टीत लाल करायचा, ती प्रसरण पावली की चाकावर चढवायचा आणि लगेच पाणी ओतायचा. आकसली की तुंबा (चाकाचा मधला गड्डा), आरे (त्यातून निघणाऱ्या दांड्या) सगळं आवळून धरायची. लहानपणी आम्ही हे बघायला शाळा बुडवायचो.

गंमत म्हणजे इंग्रजी 'टायर'सुद्धा मुळात तेच. चाकाचा पेहराव, अशा अर्थानं लोखंडी पट्टीला तो शब्द वापरत. 1888 साली डनलॉपनं बेलफास्टमध्ये पोराच्या तीनचाकीला हवेची रबरी नळी बसवली, तेव्हा इंग्रजांनी जुनाच शब्द नव्या वस्तूला दिला. आपण मात्र नव्या वस्तूबरोबर त्यांचा शब्दही घेतला आणि धाव लोखंडापाशीच राहिली. ऊसतोडीच्या पट्ट्यात आजही 'टायरगाडी' म्हणजे रबरी चाकांची बैलगाडी. नुसतं 'गाडी' म्हटलं की धावेची, असा फरक जुनी माणसं करायची.

दहा-अकराचा पान्हा

पाणंदवाले, गुडघा बरा आहे ना? तुम्ही म्हणता तो घोळ मी गॅरेजात रोज ऐकतो. "ग्रिप गेली" म्हणजे नक्षी झिजली. "ग्रिप मिळत नाही" म्हणजे टायर सटकतोय. शब्द एक आणि गोष्टी दोन. त्यातून गिऱ्हाईक असा हिशोब करतं की नक्षी जितकी खोल तितकी पकड जास्त. कोरड्या डांबरावर हे बरोबर उलटं आहे.

डांबर किंवा काँक्रीट टणक. त्यात टायर घुसू शकत नाही, तो फक्त चिकटू शकतो. त्यासाठी रबर मऊ हवं आणि जास्तीत जास्त रबर रस्त्याला टेकलेलं हवं. शर्यतीच्या कोरड्या ट्रॅकवर नक्षी नसलेले टायर लावतात ते यासाठीच. खाचा लागतात त्या पावसाचं पाणी बाजूला काढायला. बटण टायरमध्ये निम्मी जागा पोकळ, म्हणजे टेकणारं रबर कमी. शिवाय उंच बटणं वळणावर डुलतात, त्यामुळे गाडी रबराच्या चपलेवर उभी असल्यासारखी वाटते. आणि रबर कडक असेल तर ओलं काँक्रीट म्हणजे साबण.

माती, चिखल, वाळू यांचं वेगळं. तिथे चिकटण्याला अर्थ नाही, कारण ज्याला चिकटायचं तेच सुटं आहे. तिथे टायरनं रुतायला हवं. बटणाची कड मातीत घुसते आणि माती मागं ढकलते.

म्हणून माझं मत, 'ग्रिप'ला एक शब्द शोधू नका, दोन वापरा. चिकट टायर आणि रुतणारा टायर. दोन्हीकडे चालणारा म्हणजे या दोघांतली तडजोड. मधला पट्टा जवळजवळ भरीव, कडेला मोठाले ठोकळे, असे जे टायर दिसतात ना, त्यात ही तडजोड डोळ्यांनी दिसते. सरळ डांबरावर गाडी मधल्या पट्ट्यावर चालते. मातीत चाक खाली दबलं की कडेचे ठोकळे कामाला लागतात.

ते 80/20, 50/50 आकडे (किती टक्के रस्ता, किती टक्के माती) लोक देवाचा कौल मानतात. त्यामागे कुठली सर्वमान्य चाचणी नाही. कंपनीचा अंदाज म्हणा, जाहिरात म्हणा. एकाचा 60/40 दुसऱ्याच्या 80/20 पेक्षा गुळगुळीत निघतो.

गिट्टी-मुरूम

आमच्याकडे पाणंद नाही, पांदण म्हणतात. यवतमाळची काळी माती. पान्हाभाऊ, तुमचं 'रुतणं' इथं निम्मंच खरं आहे बरं का. पावसात बटण टायर घेऊन पांदणीत गेलो तर शंभर पावलांत खाचा भरतात. एकदा भरला की तो बटण टायर राहत नाही, मातीचा लाडू होतो. मग माती मडगार्डात चढते आणि चाक जाम. काडीनं कोरत बसा. मातीतल्या गाड्यांना पुढचं मडगार्ड चोचीसारखं उंच देतात ना, ते याच कारणानं.

म्हणून आमच्या भागात बटणं किती मोठी यापेक्षा दोन बटणांत अंतर किती हे बघतात. अंतर मोठं असलं तर चाक फिरताना चिखल फेकला जातो. आमचा पंक्चरवाला याला 'टायर थुंकतो' म्हणतो. थुंकणारा टायर चांगला! हा शब्द नोंदवून ठेवा.

उन्हाळ्यात त्याच पांदणीत फुफाटा. घोट्यापर्यंत मऊ धूळ. तिथे पुढचा टायर महत्त्वाचा. मागचा कसाही असो, पुढचा गुळगुळीत असला की हँडल स्वतःच्या मनानं चालतं.

सड्यावरचा

रत्नागिरीकडून. आमच्याकडे माती कुठाय? जांभा आणि कातळ. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या सपाटीवर, शेवाळ धरतं, त्यावर जगातला कुठलाही बटण टायर रुतत नाही. दगडात रुतणार काय! इथे पान्हासाहेबांचा चिकट टायर, थोडी कमी हवा आणि गप दुसरा गियर.

म्हणजे एकाच 'ऑफ-रोड' शब्दाखाली विदर्भाची काळी माती, माझा कातळ आणि पाणंदवाल्यांचा मुरूम, तिन्ही कोंबलेत. तिघांना तीन टायर लागतील. शब्द त्यांचा, जमीन आपली. आपल्याकडे जमिनीला डझनभर शब्द आहेत : मुरूम, खडी, चोपण, बरड, फुफाटा, राड, गाळ, कातळ. दुकानात 'ऑन का ऑफ' विचारण्यापेक्षा "खाली काय आहे?" विचारलं तर निम्मं काम होईल.

तुंबा आणि आरे

सड्यावरचे, टाळ्या. 'चोपण' हा शब्द टायरच्या चर्चेत येईल असं वाटलं नव्हतं.

हेजरो

नमस्कार. मी इंग्लंडात राहतो, मूळचा इस्लामपूरचा. इथे 'ग्रीन लेन' असा प्रकार आहे. दोन्ही बाजूंनी झुडपांचं कुंपण, मधे कच्ची जुनी वाट, शेताशेतांतून जाणारी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा तोंडातून निघालं, "अरे, ही तर पाणंद!" यातल्या काही वाटांवर मोटरसायकल न्यायला कायद्यानं परवानगी आहे, काहींवर नाही. आणि जिथे आहे तिथे नंबरप्लेट, विमा, सगळं लागतं, कारण कायद्याच्या लेखी तो रस्ताच. म्हणजे आप्पांचा मुद्दा इथेही लागू.

दहा-अकराचा पान्हा

हेजरो, मस्त माहिती.

हवेचं बोलायचं राहिलं. मातीत हवा कमी करा असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. टायर पसरतो, टेकणारी जागा वाढते. पण पाणंदवाले, तुमच्या तारांच्या चाकात ट्यूब आहे. फार कमी केली आणि दगडावर आपटलात तर रिंग आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटते. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या की समजायचं. शिवाय कमी हवेत टायर रिंगवर सरकतो, ट्यूब ओढली जाते आणि वॉल (हवा भरायची नळी) मुळातून तुटतो. त्याला पॅच लागत नाही, ट्यूबच नवी. मोटरसायकलला स्टेपनी नसते हे विसरू नका. (अवांतर : 'स्टेपनी' हे वेल्समधल्या लानेली गावातल्या रस्त्याचं नाव. 1904 च्या सुमारास जादा चाक तिथे बनायला लागलं. इंग्लंडात शब्द विस्मरणात गेला, आपण जपून ठेवला.)

आणि टायरच्या कानावरचे, म्हणजे बाजूवरचे, आकडे वाचायला शिका. तुमच्या मागच्यावर 120/90-17 असेल. 120 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. 90 म्हणजे उंची, पण मिलिमीटर नव्हे, रुंदीच्या 90 टक्के. म्हणजे 108. आणि 17 इंचाची रिंग. पुढे 64एस असं काही असेल तर 64 हा वजनाचा सांकेतिक आकडा, 280 किलो, आणि एस म्हणजे ताशी 180 पर्यंत. चार आकड्यांचा शिक्का बघा. 2324 असेल तर 2024 च्या 23 व्या आठवड्यातला माल. चार वर्षं पडून कडक झालेला टायर 'नवा' म्हणून विकला जातो आणि मग लोक नक्षीला दोष देतात.

बिनधास्त बुलेट

एवढी चर्चा करून शब्द मिळाला का? मी सुचवतो : उभयचर टायर.

गिट्टी-मुरूम

बेडूक झाला की तो.

तुंबा आणि आरे

उभयचर म्हणजे जमीन आणि पाणी. इथे दोन्ही जमिनीच आहेत. 'उभयमार्गी' व्याकरणात बसेल, पण पंक्चरवाल्यासमोर म्हणून दाखवा. तो विचारेल, "कुठल्या पंथाचे?"

सड्यावरचा

'दोन्ही घरचा पाहुणा' म्हणा. उपाशी राहतो ना, तसाच. डांबरावर रोड टायरइतका नाही, चिखलात बटणाइतका नाही.

दहा-अकराचा पान्हा

म्हण गोड आहे, पण अन्याय होतोय. रोज 22 आणि 3 किलोमीटर जाणाऱ्याला तोच पाहुणा पोटभर जेवतो. उपाशी राहतो तो हौसेनं 100 टक्के बटण लावून हायवेला जाणारा. तीन-चार हजार किलोमीटरमधे मधली बटणं गोटा होतात, कडेची तशीच्या तशी. वर आवाज असा की पिठाची गिरणी.

आमच्या गॅरेजात 'सेमी-बटण' म्हणतात. अर्धा इंग्रजी, अर्धा पोर्तुगीज म्हणा हवं तर, पण सांगितलं की समोरच्याला वस्तू दिसते.

हेजरो

'बटण' खरंच पोर्तुगीज? बोताँव?

तुंबा आणि आरे

हो, बहुधा तिकडूनच. नंतर इंग्रजीनं दुजोरा दिला असेल. म्हणजे टायर इंग्रजी, बटण पोर्तुगीज, आणि 'रस्ता' फारसी. या चर्चेत अस्सल देशी उरली ती पाणंद आणि राड.

पाणंदवाला

सगळ्यांचे आभार. काल परत गेलो दुकानात. यावेळी ऑन-ऑफ काही बोललोच नाही. सांगितलं, "22 किलोमीटर डांबर नि काँक्रीट, 3 किलोमीटर मुरुमाची पाणंद, पावसात दोनशे पावलं राड. तारांचं चाक, ट्यूब आहे." पोरगं दोन मिनिटं गप्प बसलं, मग आत जाऊन एक टायर घेऊन आलं. मधला पट्टा सलग, कडेला ठोकळे, अंतर बऱ्यापैकी. शिक्का बघितला, पाच महिन्यांपूर्वीचा होता. घेतला. हवा मागं 32 ठेवलीय, पाणंदीच्या तोंडाशी फारशी कमी करायचा विचार नाही.

आप्पांनी टायरवर अंगठा दाबून बघितला आणि म्हणाले, "ह्याची धाव बरी आहे."

तुंबा आणि आरे, हे तुमच्यासाठी. बिलावर दुकानदारानं काय लिहिलंय तेही सांगतो : 'टायर मागील 1 नग, जाड नक्षी'.