शेल्टरमधली ९ वर्षांची कुत्री आणि म्हातारा बोका घरी आणायचाय, आधी काय बघू?

वाड्यातली_वृंदा
बडोद्यातल्या शेल्टरमधून साधारण ९ वर्षांची देशी कुत्री (१५ किलो) आणि ११-१२ वर्षांचा बोका दत्तक घ्यायचं ठरलंय. घर दांडियाबाजारात पहिल्या मजल्यावर, जिना उभा, खाली गुळगुळीत कोटा फरशी. घरात मांस-मासे शिजत नाहीत. कुत्री हात लावला की गुरगुरते आणि तिचे डोळे निळसर दिसतात. तपासण्या कोणत्या करून घेऊ? दोघांना एकाच दिवशी आणलं तर चालेल?

सुरसागरकाठ
ताई, नेमका कुठे हात लावला की गुरगुरते ते आधी बघा. डोक्यावर चालतो, पण कमरेवर किंवा मागच्या मांड्यांवर चालत नसेल तर तिचा स्वभाव वाईट नाही, तिला दुखतंय. शेल्टरमध्ये सकाळी लवकर जा आणि ती झोपेतून उठताना बघा. मागचा भाग ओढून वर घेते, पहिली आठ-दहा पावलं आखडून टाकते आणि मग मोकळी होते, हा संधिवात. दुपारपर्यंत अंग सुटलेलं असतं, तेव्हा काही कळत नाही.

डोळ्यांची निळसर झाक बहुतेक वेळा वयाची असते, भिंग घट्ट झाल्यामुळे येते, त्याने नजर जात नाही. मोतीबिंदू पांढरा, दुधाळ दिसतो. कापसाचा बोळा तिच्या तोंडासमोर वरून सोडा. तो पडताना आवाज होत नाही. मान त्याच्यामागे खाली गेली तर दिसतंय.

रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हर, साखर. प्लेटलेट कमी आले तर आधी गोचीड तापाची तपासणी. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सहसा २८ दिवस चालतं. चौथ्या दिवशी तरतरी आली म्हणून बंद केलं की आजार उलटतो. सोबत सकाळची लघवीही तपासा, कारण किडनीचं जवळपास तीन चतुर्थांश काम गेल्याशिवाय क्रिएटिनिन वाढत नाही, लघवी मात्र त्याआधीच पातळ होते. कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली असते. नसेल तर गर्भाशयाची सोनोग्राफी करून घ्या, या वयात तिथे पू होणं जिवावर बेततं. बोक्याचं याशिवाय थायरॉइड, रक्तदाब आणि दातही तपासून घ्या. तो मान एका बाजूला कलती करून चावत असेल, दाणे तोंडातून पडत असतील, तर दात दुखतोय.

रावपुरा_टॉवर
एकाच दिवशी अजिबात नको. आधी बोका, एका खोलीत, १०-१५ दिवस. तो नीट खायला लागला, मातीच्या ट्रेमध्ये जायला लागला की मग कुत्री. पहिला आठवडा दोघांनी एकमेकांना बघायचंच नाही. फक्त अंथरुणाची फडकी अदलाबदल करा आणि बंद दाराच्या दोन बाजूंना जेवायला द्या. नंतर कुत्री पट्ट्यावर, पाच-पाच मिनिटं. म्हाताऱ्या बोक्याला उंच उडी झेपत नाही, त्याला पळून वर बसता यावं म्हणून कपाटाला लागून स्टूल आणि त्यावर चढायला पाट ठेवा.

त्याने ट्रेबाहेर लघवी केली तर रागावू नका. बहुतेक वेळा कडा उंच असते आणि गुडघे दुखत असतात. प्लास्टिकचा टब घेऊन पुढची बाजू ७-८ सेंमीवर कापा.

कोटा फरशीवर सतरंजी घालू नका, ती कुत्रीसकट सरकते. योगा मॅटच्या पट्ट्या अंथरुणापासून पाण्यापर्यंत सलग टाका. पंजातले वाढलेले केस आणि नखंही कापा.

ओसरी
जेवणाबद्दल स्पष्टच लिहिते. बोका दूधभातावर जगत नाही. टॉरिन हे पोषकद्रव्य त्याला मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं की हृदय आणि डोळे जातात. घरात शिजवायचं नसेल तर मांजरांचं डबाबंद ओलं अन्न द्या, किडनीलाही तेच बरं. तो २ दिवस जेवला नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना. उपाशी मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साठते. कुत्रीला नवं अन्न ७-१० दिवसांत, पाव हिश्श्यापासून वाढवत. कांदा-लसणाची फोडणी दिलेली आमटी आणि बेदाणे दोघांनाही वर्ज्य.

आणि घरातल्या दुखण्याच्या गोळ्या नकोतच. पॅरासिटामॉलची एक गोळी बोक्याचा जीव घेऊ शकते.

वाड्यातली_वृंदा
खूप आभार! जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बोका, मग कुत्री, असं करू का?

रावपुरा_टॉवर
उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, उलटू द्या. १४ आणि १५ जानेवारीला गच्चीचा जिना दिवसभर वाहतो, दार उघडं राहतं, भोंगे वाजतात. नवीन जनावर अशा वेळी निसटलं की म्हातारपणी परत यायची वाट त्याला सापडत नाही. १६ नंतर आणा, पट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला आधीच करून ठेवा. आणि जिन्यावर १५ किलोंची कुत्री उचलायला दोघं जण लागतील, किंवा मागच्या पायांच्या पुढे, पोटाखालून टॉवेलची झोळी धरा.

सुरसागरकाठ
एक राहिलं. ती गाढ झोपली की छातीचा भाता मिनिटात किती वेळा वर-खाली होतो ते मोजून लिहीत जा. ३० च्या वर रोज जात असेल तर हृदय तपासून घ्या. एक्स-रे, इको (हृदयाची सोनोग्राफी) इथे वेळेवर जमत नसेल तर आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे.