सर्फिंग कॅम्पआधी खांदा आणि कंबर कशी तयार करायची?

सिंहगड_रोड_४१
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. नोव्हेंबरात मी आणि बायको मंगळूरजवळ मुल्कीला सर्फिंग शिकायला चाललोय, पाच दिवसांचा कॅम्प आहे, दोघांनीही याआधी बोर्डला हात लावलेला नाही. माझं वय ४१, आयटीत आहे, दिवसभर लॅपटॉपसमोर. जिमला जातो पण तिथे जास्त करून चेस्ट, बायसेप्स आणि ट्रेडमिल. गेलं वर्षभर उजवा खांदा वरच्या फळीवरचा डबा काढताना आतून चिमटल्यासारखा दुखतो, हात खाली आणला की काहीच नाही. बायको योगासनं नियमित करते, लवचिक आहे, पण तिला अधूनमधून कमरेत उसण भरते. हातात अडीच-तीन महिने आहेत, तर या वेळात नेमकं काय करावं? यूट्यूबवर सगळे बॅलन्स बोर्डवर कसरती करताना दिसतात, ते विकत घ्यावं का? पोहणं दोघांनाही येतं.

फिजिओ_मुलुंड
बॅलन्स बोर्डाचे पैसे आत्ता वाचवा. स्पर्धेतल्या सर्फर्सचा पाण्यातला वेळ मोजला तर साधारण अर्धा वेळ पॅडलिंगमध्ये जातो, बराचसा लाटेची वाट बघण्यात, आणि लाटेवर प्रत्यक्ष उभं राहणं जेमतेम पाच-सात टक्के. नवीन माणसाला पहिले एक-दोन दिवस इन्स्ट्रक्टर मागून ढकलतात, पण तिसऱ्या दिवशी स्वतः पॅडल करायला लागलात की सगळा भार खांद्यावर येतो.

आणि पॅडलिंग म्हणजे काय, पालथं झोपायचं, छाती उचलायची आणि हात डोक्याच्या पुढे टाकून पाणी मागे ओढायचं. म्हणजे तुमची डबा काढायची पोझिशनच की, फक्त आडवी, आणि एका सेशनमध्ये शेकडो वेळा. त्यामुळे आधी खांदा एखाद्या फिजिओला प्रत्यक्ष दाखवा, वर्षभराचं दुखणं फोरमवर बघून सोडून द्यायचं नसतं. तोपर्यंत बेंच प्रेस निम्मं करा आणि ओढायचे व्यायाम दुप्पट करा. लॅपटॉपवाल्यांची पाठ खांद्याच्या दोन पात्यांच्या मधे पुढे वाकून कडक झालेली असते, ती मागे वळत नाही म्हणून पातं नीट फिरत नाही आणि हात वर गेला की सगळा ताण रोटेटर कफवर, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या छोट्या स्नायूंवर. रोज रात्री टॉवेलची घट्ट गुंडाळी पात्यांच्या खाली आडवी ठेवून उताणं झोपा, गुडघे वाकवलेले, हात सावकाश डोक्यामागे न्या, पाच मिनिटं पुरे. कमरेचा बाक वाढवायचा नाही, वळायचं ते वरच्या पाठीतूनच.

आठवड्यातून तीनदा रबर बँड घ्या. कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर फिरवणं, बँड चेहऱ्याकडे ओढणं, आणि पालथं झोपून हात आधी इंग्रजी वायसारखे, मग टीसारखे, मग डब्ल्यूसारखे उचलणं. बारा-पंधरा वेळा, दोन-तीन सेट, वजन नाही घेतलं तरी चालेल. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही राहिलं तर कमी करायचं. सपाट्याचे दंड तुमच्या खांद्याला आत्ता नकोत, सहा आठवड्यांनी बघू.

ठाण्याचा_पाणबुड्या
पोहायला आजपासूनच लागा, फ्रीस्टाइल. दोनशे मीटर न थांबता, धाप न लागता जमलं पाहिजे असं माझं मत आहे. फरक एवढाच की फ्रीस्टाइलमध्ये अंग दोन्ही बाजूंना वळतं, बोर्डवर ते वळत नाही आणि मान सतत वर, म्हणून पोहून तयार झालेल्या माणसाची सुद्धा पहिल्या दिवशी मान आणि वरची पाठ आखडते. थोडी लांबी डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहा, वॉटर पोलोवाले पोहतात तसं. आणि लाटेखाली दम टिकावा म्हणून तळाशी बसून श्वास रोखायची प्रॅक्टिस करा, आधी पाच-सहा जोरात श्वास घेतले की जास्त वेळ टिकतो.

मांद्रे_किनारा
ठाणेकर दादा, पोहण्याबद्दल शंभर टक्के सहमत, पण शेवटचं वाक्य कृपया कोणी करू नका!! जोरजोरात श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना त्याच्यावरच चालते. ती सूचना यायच्या आधीच माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो, कसलाही आवाज नाही, धडपड नाही, आणि चांगले पोहणारेच यात जातात. मुल्कीला नवशिक्यांना कमरेएवढ्या फेसाळ पाण्यात शिकवतात, तिथे लाट काही सेकंदांत डोक्यावरून निघून जाते. हातपाय न झाडता सैल राहणं जमलं की झालं.

मी गोव्यात सीझनला शिकवतो, ऑक्टोबर ते मे, त्यामुळे व्यायामापेक्षा पडण्याबद्दल लिहितो कारण नवीन लोकांना लागतं ते तिथेच. सगळ्यात जास्त काय होतं तर स्वतःच्याच बोर्डचा मार आणि फिनने, म्हणजे बोर्डखालच्या माशाच्या परासारख्या भागाने, कापणं. सॉफ्टटॉपच (वरून मऊ फोमचा बोर्ड) मागा, आठ-नऊ फुटी, रबरी फिनचा मिळाला तर उत्तम. पडताना उडी मारून पायावर उतरायचं नाही, वाळूचा उथळ भाग कुठे आहे ते दिसत नाही आणि घोटा नाहीतर गुडघा जातो. डोकं पुढे करून सूर तर कधीच नाही, मान मोडण्याची भीती तिथे आहे. पाठीवर नाहीतर बुडावर, हात पसरून आडवं पडायचं. वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती, कोपरं पुढे, कारण लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) ताणली गेली की बोर्ड रबरासारखा उलटा येतो आणि तुम्ही डोकं काढायला नि तो पोचायला एकच वेळ. उठल्यावर बोर्ड तुमच्या आणि लाटेच्या मधे आडवा धरायचा नाही, सरळ पोटात आणि तोंडावर बसतो. लीश हाताला गुंडाळून बोर्ड ओढत नेणारे खूप बघतो, लाटेने झटका दिला की बोटं जायबंदी होतात.

अजून एक, पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत न्या म्हणजे पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) असेल तर आधीच पळतं. २०१३ च्या गणपतीत गिरगाव चौपाटीला विसर्जनाच्या वेळी किती जणांना काटे लागले ते आठवत असेल. लागलंच तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, साधारण ४५ डिग्रीच्या आत, आणि डॉक्टर गाठायचा, काट्याचा तुकडा आत राहतो कधीकधी.

सिंहगड_रोड_४१
बापरे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं, मनापासून आभार. बायको विचारतेय तिने भुजंगासन वाढवावं का, पॅडलिंगची पोझिशन तशीच दिसते म्हणून.

फिजिओ_मुलुंड
नको, वाढवू नका, आणि हे जरा नीट वाचा ताई. सर्फर्स मायलोपथी म्हणून एक प्रकार आहे, हवाईच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये पहिल्यांदा मांडला. दुर्मिळ आहे, पण होतो तो बहुतेक वेळा पहिल्यांदाच सर्फिंग करणाऱ्या, तरुण, धडधाकट माणसाला, कसलाही मार न लागता. बराच वेळ पालथं पडून कंबर मागे ताणलेली राहते आणि मज्जारज्जूचा रक्तपुरवठा कमी पडतो असं मानतात. आधी कमरेत अचानक दुखायला लागतं, मग तासाभरात पाय बधिर, पायातली ताकद जाते, लघवी होत नाही. काहींचे पाय पूर्ण परत येत नाहीत. म्हणून पाण्यात पाठ दुखायला लागली तर एक शेवटची लाट वगैरे काही नाही, लगेच बाहेर, आणि पायात मुंग्या किंवा जडपणा असेल तर थेट मोठं हॉस्पिटल, जिथे एमआरआय आहे.

टाळायला एवढं करा. लाटेची वाट बघताना पालथं पडून राहू नका, बोर्डवर उठून बसा, गुडघे पोटाशी घेऊन पाठ गोल करा. दर पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर या, पाणी प्या. छाती थोडीच उचला, हनुवटी आत. घरी भुजंगासनाऐवजी पोट आणि नितंबांची ताकद वाढवा, प्लँक, सेतुबंध, आणि हातापायांवर येऊन उलटसुलट हात-पाय लांब करणं. मलासन मात्र दोघांनी रोज करा, नितंबांचा सांधा आणि घोटे मोकळे असतील तर उभं राहताना कंबर वाकवावी लागत नाही.

गोल्डकोस्ट_मराठी
मी इथे शनिवार-रविवार सर्फ करते, फिजिओ ताईंचं सगळं पटलं, फक्त पॉप-अपबद्दल, म्हणजे बोर्डवर पालथ्याचं झटक्यात उभं राहण्याबद्दल लिहिते. तो पाण्यात शिकायचा नसतो, घरी सतरंजीवर शिकायचा. तळवे छातीच्या खालच्या बरगड्यांशेजारी सपाट, बोर्डची कड मुठीत पकडायची नाही, मनगट मुरगळतं. एका झटक्यात पुढचा पाय दोन हातांच्या मधे. आधी गुडघा टेकून मग उठायची सवय लागली की ती सुटता सुटत नाही आणि गुडघे सोलून निघतात. खांदा बरा झाल्यावरच हे सुरू करा, रोज आठ-दहा चांगले पुरेत, दमून केलेले कामाचे नाहीत. आणि पाच दिवसांतला तिसरा दिवस हलका ठेवा, कारण दुसऱ्या रात्री बरगड्या आणि खांदे एवढे ठणकतात की तिसऱ्या दिवशी चुकीचं पॅडल होतं आणि दुखापत तेव्हाच होते. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट टी-शर्ट) घ्या, पोटाची सालं निघत नाहीत.

सिंहगड_रोड_४१
कॅम्पवाल्यांना फोन केला, तिसऱ्या दिवशी फक्त सकाळचं सेशन ठेवतील म्हणाले. फिजिओची अपॉइंटमेंट शनिवारची मिळालीय, काय निघतं ते इथेच टाकतो.