आठव्या महिन्यात हिवाळी सुट्टी: मोठ्या कुटुंबाने ती कशी आखावी?

प्रश्न — सहाव्याची वाट पाहणारी आई

नमस्कार. आम्हाला पाच मुले आहेत. थोरली मुलगी तेरा वर्षांची, तिच्या पाठचा मुलगा दहा वर्षांचा, मग सात वर्षांची जुळी आणि सर्वांत धाकटा अडीच वर्षांचा. सध्या मला २९ वा आठवडा सुरू आहे आणि मुलांची हिवाळी सुट्टी लागेल तेव्हा ३१ वा लागलेला असेल. आतापर्यंतच्या तपासण्या व्यवस्थित आहेत, आधीची चारही बाळंतपणे नैसर्गिक झाली आहेत आणि डॉक्टरांनी प्रवासाला सरसकट मनाई केलेली नाही.

या सुट्टीत आम्ही नेहमी थोरल्या दिरांकडे जातो. गाडीने सहा तास लागतात. सगळी चुलत भावंडे तिथे एकत्र जमतात आणि मुले त्या आठवड्याची वर्षभर वाट पाहतात. सासूबाईंचे म्हणणे असे की, या वर्षी आपण कुठेही जाऊ नये, त्यांनाच सगळ्यांना आपल्याकडे बोलवावे. तसे झाले तर घरात आम्ही धरून बारा-तेरा माणसे होतील. हिवाळ्यात मुले फार वेळ बाहेर खेळू शकत नाहीत, त्यामुळे दिवसभर सगळा गोतावळा घरातच असेल. प्रवास आणि पाहुणे यांपैकी मला अधिक काय झेपेल, हे खरोखरच ठरवता येत नाही.

आणखी एक गोष्ट मनात आहे. थोरलीला बाळाची बातमी सांगितली तेव्हा ती आनंदली, पण दुसऱ्याच दिवशी तिने कोणी न सांगता धाकट्याचे लोकरीचे कपडे काढून, कोणता अजून बसतो आणि कोणता लहान झाला आहे, अशा दोन गठ्ठ्यांत लावून ठेवले. मला कौतुक वाटले आणि काळजीही वाटली. तिची सुट्टी माझ्या बाळंतपणाच्या तयारीत खर्ची पडू नये, असे मला मनापासून वाटते. ज्यांनी मोठ्या कुटुंबात हे दिवस काढले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद — प्रसूतिकक्षातील परिचारिका

ताई, आपले आणि कुटुंबाचे अभिनंदन. प्रथम प्रवासाविषयी लिहिते. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात ३१ व्या आठवड्यात गाडीने प्रवास केल्यामुळे कळा सुरू होतात, असे नाही. प्रश्न अंतराचा असतो. आपली पाच बाळंतपणे नसली तरी पाच मुले झालेली आहेत, त्यात एकदा जुळी, आणि हे सहावे बाळ. अशा वेळी प्रसूती सुरू झाली तर ती पहिलटकरणीपेक्षा पुष्कळ लवकर उरकू शकते, आणि वारंवार ताणल्या गेलेल्या गर्भाशयाला बाळंतपणानंतर नीट आकसता आले नाही तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून आपण जिथे असाल तिथून, रक्ताची सोय असलेले प्रसूतीचे रुग्णालय किती वेळात गाठता येते, हा पहिला प्रश्न विचारावा. दिरांच्या घराजवळ तसे रुग्णालय असेल आणि सर्व तपासण्यांची फाइल आपल्यासोबत असेल, तर चित्र वेगळे. नसेल, तर मी या सुट्टीत तिथे जाण्याचा सल्ला देणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या वेळापत्रकात ३० व्या आठवड्याला एक तपासणी येते आणि पुढची ३४ व्या आठवड्याला. आपल्या बाबतीत सुट्टी नेमकी या दोहोंच्या मध्ये येते, तेव्हा ३० व्या आठवड्याची तपासणी अजिबात पुढे ढकलू नये. त्याच भेटीत हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. या टप्प्यावर ते ११ ग्रॅमच्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि लागोपाठच्या बाळंतपणांनंतर तो सहज आढळतो. फ्लूची लस घेतली नसेल तर तीही आताच विचारून घ्यावी, कारण लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि घरात दहा-बारा माणसे जमली की सर्दी-खोकला एकट्याने येत नाही.

गाडीने जायचेच ठरले, तर पट्ट्याचा खालचा भाग पोटाखालून, मांड्यांच्या वर, ओटीपोटाच्या हाडांवरून जावा आणि वरचा भाग दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने जावा; पोटावरून आडवा कधीही नको. दर दीड-दोन तासांनी उतरून चालावे. गरोदरपणात पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढलेली असते आणि तासन्‌तास बसून राहिल्याने ती आणखी वाढते. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायले जाते, तेही टाळावे. लहान मुलांना घेऊन इतक्या वेळा थांबायचे म्हणजे सहा तासांचे आठ होणार, हे धरूनच निघावे.

थंडीसंबंधी एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा धूर बाहेर जाण्याची सोय नसलेला गॅसचा हीटर लावून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि गर्भातील बाळाच्या रक्तातून तो आईच्या रक्तापेक्षा सावकाश बाहेर पडतो. पाहुण्यांच्या गर्दीत दारे-खिडक्या घट्ट लावून सगळे एका खोलीत झोपतात, तेव्हा हे घडते.

खालीलपैकी काहीही झाले तर सुट्टी, पाहुणे, रात्रीची वेळ यांचा विचार न करता रुग्णालयात जावे: रक्त जाणे, पाणी जाणे, दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर पोट कडक होत राहणे, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे, चेहऱ्यावर किंवा हातांवर एकाएकी सूज येणे. घरात गडबड असली की हालचालीकडे लक्ष राहत नाही, म्हणून दुपारी आणि रात्री थोडा वेळ कुशीवर पडून शांतपणे बाळाकडे लक्ष द्यावे.

प्रतिसाद — पाच मुलांचा बाप

वरील प्रतिसादात वैद्यकीय बाजू उत्तम आली आहे, तेव्हा मी घराच्या बाजूने लिहितो. आपण विचारले आहे की प्रवास अवघड की पाहुणे. माझ्या मते, पाहुणे घरी येणे हे आठव्या महिन्यात प्रवासापेक्षा जड जाते, कारण प्रवास एका दिवसात संपतो आणि पाहुण्यांची व्यवस्था सकाळी डोळे उघडल्यापासून सुरू असते. त्यातही शरीराचे श्रम वाटून घेता येतात. थकवा येतो तो सगळे लक्षात ठेवण्याचा. कोणाचे मोजे ओले आहेत, कोणाला रात्री खोकला येतो, कोणाशेजारी कोणाला झोपवले की भांडण होते, अंघोळीचे गरम पाणी कितीजणांना पुरेल, औषधाची बाटली कुठे आहे, हे सर्व घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात असते आणि बाकीचे येऊन त्याच माणसाला विचारतात. आई खुर्चीवर बसलेली दिसते, पण तिला विश्रांती मिळालेली नसते.

म्हणून कामे नुसती वाटून न देता एकेक विभाग पूर्णपणे कोणाच्या तरी हाती सोपवावा. झोपण्याची व्यवस्था एकाची: अंथरुणे किती, पांघरुणे कमी पडली तर कोणाकडून आणायची, कोण कुठे झोपणार, सगळे त्यानेच ठरवायचे आणि त्याविषयीचा प्रश्न त्यालाच विचारायचा. स्वयंपाकघर दुसऱ्याचे. ओले कपडे आणि अंघोळी तिसऱ्याच्या. आमच्या घरी मी अंथरुणे आणि कपडे घेतले होते. पहिल्या रात्री पांघरुणे माझ्या पद्धतीने घातली गेली, पत्नीच्या पद्धतीने नाही, आणि तिने ते तसेच राहू दिले. हे राहू देणे फार आवश्यक आहे. दुसऱ्याने केलेले काम पुन्हा येऊन नीट करायचे असेल, तर ते सोपवून काहीच उपयोग नाही.

दुसरे असे की, दिरांशी बोलणे आपण करू नये, आपल्या यजमानांनी करावे. किती रात्री राहायचे, आपापली पांघरुणे आणायची, कोणाला ताप किंवा पुरळ असेल तर त्या कुटुंबाने येणे पुढे ढकलायचे, हे सख्ख्या भावाने भावाला सांगितले की त्यात कोणाला वाईट वाटत नाही. तेच सुनेने सांगितले की त्याचा अर्थ वेगळा काढला जातो. हे योग्य नाही, पण घरोघरी असेच चालते, आणि आपल्याला या अवस्थेत तो भार घ्यायला लावू नये.

तिसरा मार्गही आहे. यजमानांनी मोठ्या चार मुलांना घेऊन दोन-तीन रात्री भावाकडे जाऊन यावे. आपण, धाकटा आणि सासूबाई घरी. मुलांची सुट्टी चुकत नाही आणि आपल्याला खरोखरची शांतता मिळते.

प्रतिसाद — सात भावंडांतील थोरली

मी आपल्या मुलीच्या जागी होते, म्हणून तेवढ्याच भागाविषयी लिहिते. कपड्यांचे ते दोन गठ्ठे वाचून मला तिचे मन अगदी समजले. थोरल्या मुलीला कोणी काम सांगत नाही, ते तिला दिसते. आई वाकताना कमरेवर हात ठेवते, तेव्हा खाली पडलेली वस्तू ती आधीच उचलते. लोक त्याला समंजसपणा म्हणतात, आणि तो असतोही; पण ते कौतुक इतके वारंवार होते की, मला आज कंटाळा आला आहे, हे वाक्य तिला बोलता येईनासे होते.

आपण तिला अधिक विश्रांती द्यावी, एवढे म्हणून भागणार नाही, कारण ती मोकळी बसली तरी तिचे कान धाकट्याच्या रडण्याकडेच असतील. तिला स्पष्ट शब्दांत सांगावे की, धाकट्याची जबाबदारी या सुट्टीत कोणाची आहे, आणि ती तिची नाही. नाव घेऊन सांगावे: सकाळी आजी, दुपारी बाबा, रात्री बाबा. मग ते पाळावे. धाकटा रडला आणि ती उठली, तर बाबांनी तिला खाली बसायला सांगून स्वतः उठावे. हे दोन-तीनदा घडले की तिचा विश्वास बसतो.

मात्र तिच्याकडून सगळेच काढून घेऊ नये. तिला ज्या कामात आनंद आहे असे एखादे काम, ज्याला वेळेचे बंधन नाही, ते तिचे राहू द्यावे. बाळाचे कपडे लावणे तिला आवडत असेल, तर तो कप्पा तिचाच. आणि दहा वर्षांच्या मुलाला विसरू नये. अनेक घरांत थोरल्या मुलीच्या वाट्याला जे येते, ते तिच्या पाठच्या भावाला करता येत नाही असे गृहीत धरले जाते. दहा वर्षांचा मुलगा अंथरुणे घालू शकतो, जुळ्यांना दात घासायला उभे करू शकतो, धाकट्याला चालत फिरवून आणू शकतो.

वरील प्रतिसादातील तिसरा मार्ग मला सर्वांत आवडला, पण तिथे जाताना तिला सांगून पाठवावे की, तिथे ती आईची जागा घ्यायला जात नाही, चुलत बहिणींबरोबर राहायला जात आहे. जुळ्यांना रात्री उठवून नेणे तिथेही बाबांचेच काम असू द्यावे.

मूळ प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री यजमानांना हे सर्व वाचून दाखवले. त्यांनी आज सकाळीच दिरांना दूरध्वनी केला आणि चार मुलांना घेऊन तीन रात्रींसाठी जायचे ठरले आहे. सासूबाई माझ्याजवळ राहतील. थोरलीला सांगितले तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, धाकट्याला रात्री कोण घेणार? मी आजींचे नाव घेतले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने बहिणींकडे कोणता स्वेटर न्यायचा हे विचारले.

दोन शंका उरल्या आहेत. यजमान सहा तास दूर असताना काही झाले तर काय? आणि धाकटा अजून कडेवर घ्या म्हणून हट्ट करतो, त्याला उचलावे की नाही?

प्रतिसाद — प्रसूतिकक्षातील परिचारिका

ताई, निर्णय चांगला झाला. यजमान निघण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवून ठेवाव्यात: आपल्याला रुग्णालयात कोणाच्या गाडीने न्यायचे, तो मनुष्य नसेल तर दुसरा कोण, आणि आपण गेल्यावर धाकट्याजवळ कोण थांबणार. सासूबाई आपल्यासोबत आल्या तर तो एकटा राहतो, ही गोष्ट बहुतेक घरांत ऐन वेळी लक्षात येते. शेजारच्यांना आधीच विचारून ठेवावे आणि धाकट्याला त्यांच्याकडे एकदा-दोनदा खेळायला सोडून पाहावे. फाइल, रक्तगटाचा कागद आणि एक जोडी कपडे दाराजवळच्या पिशवीत असू द्यावेत.

धाकट्याला कधीतरी उचलल्याने गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात अपाय होत नाही, पण दिवसभर कडेवर नको. आपण खाली बसावे आणि त्याने मांडीत यावे; उभ्याने वाकून उचलू नये. त्याचा उष्टा चमचा आपण तोंडात घालू नये आणि त्याचे लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुवावेत. लहान मुलांच्या लाळेतून व लघवीतून सायटोमेगॅलो नावाचा विषाणू महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतो. मुलाला त्याचा त्रास दिसत नाही, पण गर्भातील बाळाच्या श्रवणशक्तीला तो अपाय करू शकतो. गालाऐवजी कपाळाचा पापा घ्यावा, इतकी साधी सवयही उपयोगी पडते. ३० व्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरांना यजमानांच्या प्रवासाच्या तारखा सांगून ठेवाव्यात, आणि ते निघण्याच्या आदल्या दिवशी काही वेगळे जाणवले तर त्यांनी जाणे रद्द करावे.