मदत हवी आहे: फॉलआउट न्यू वेगसमध्ये कोणाची बाजू घेऊ?

मंडळी, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या वाळपईहून लिहितोय. चतुर्थीच्या सुटीत 'फॉलआउट: न्यू वेगस' हा अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेतला व्हिडिओ गेम (2010 चा, हो, जुनाच) सुरू केला आणि हूव्हर धरणाच्या लढाईआधी अडकलोय. बंदूक चालवायला जमतं, बाजू निवडायला जमत नाही.

एनसीआर (न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक) लोकशाही, कायदा, कर यांची भाषा बोलतं, पण धरणाची 95 टक्के वीज करारानं त्यांनाच. म्हादईच्या पाण्यावरून भांडणं ऐकत वाढलेल्या सत्तरीकराला हे कसं पचावं?

एनसीआरच्या विरोधातल्या 'लीजन' फौजेचा प्रमुख सीझर, त्याचं तर कोडंच आहे. मूळचा हा माणूस 'फॉलोअर्स'चा, म्हणजे ज्ञान आणि औषधं वाटणाऱ्यांतला. त्यानं 86 टोळ्या जिंकून गुलामांचं साम्राज्य उभारलं, आणि वर तत्त्वज्ञ हेगेलचे विचार ऐकवतो: लीजन आणि एनसीआरच्या टकरीतून तिसरंच काही जन्मेल, वेगस त्याचं रोम होईल. त्याचा स्वतःचा यावर खरंच विश्वास आहे की क्रौर्याला दिलेला हा मुलामा? सैनिकांना तर तो स्वतःला युद्धदेव मार्सचा पुत्र म्हणवून घेतो, म्हणून शंका.

वेगसवर राज्य करणारा मिस्टर हाऊस सरळ हुकूमशहा, निदान लपवत तरी नाही. 50 वर्षांत माणसं अंतराळात नेईन म्हणतो. तोवर शेजारच्या फ्रीसाइड वस्तीतल्या उपाशी लोकांचं काय, ते विचारायचं नाही.

येस मॅन या रोबोटच्या मदतीनं कोणाचीच बाजू न घेता वेगस स्वतः ताब्यात घ्यायचा मार्ग मला पळवाट वाटतो. कोणी तो पूर्ण केलाय का? सीझरशी बोलताना त्याचा हेतू उघड करणारे संवाद कुठले, तेही सांगा. शेवट मात्र फोडू नका, हां.