ढाल आधी की थ्रेट आधी? (वॉव क्लासिक, म्हणजे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम; ४० जण मिळून बॉस मारतात ती रेड)

कर्वेनगरचा वॉरियर:
टँकनं (बॉसचा मार अंगावर घेणाऱ्यानं) ढाल धरावी की थ्रेट (बॉसचा राग कुणावर किती, त्याचं माप) वाढवावा, हा वाद आपल्या पुण्याच्या शनिवारच्या गटात दर आठवड्याला निघतो, म्हणून एकदा नीट मांडतो. माझं मत असं, की टँकनं ४४० डिफेन्सचा (बचावाच्या कौशल्याचा) हट्ट सोडावा. ६३ लेव्हलच्या बॉसची क्रिट (दुप्पट घाव) बसण्याची शक्यता ५.६ टक्के. डिफेन्सचा एक पॉइंट त्यातले ०.०४ कापतो, म्हणून ३०० वर आणखी १४०. पण ते १४० जमवताना गियरमधली हिट (घाव न चुकण्याची टक्केवारी) जाते. ३०० वेपन स्किलला ९ टक्के हिट लागते, ३०५ ला ६. तेवढी नसेल तर संडर आर्मर, म्हणजे टँकचा थ्रेट वाढवणारा वार, चुकतो, आणि चुकलेल्या संडरचा थ्रेट शून्य. मग रोग आणि मेज (बॉसला मार देणारे खेळाडू) हात आखडून बसतात. जवळून मारणारा टँकच्या थ्रेटच्या ११० टक्क्यांवर किंवा लांबून मारणारा १३० वर गेला, की बॉस त्याच्याकडे वळलाच. म्हणून टॅलेंटचे ३१ पॉइंट फ्युरीत घालून ब्लडथर्स्ट हा वार, प्रोटेक्शनमध्ये १५ घालून थ्रेट वाढवणारं डिफायन्स, आणि दोन हातांत दोन शस्त्रं. लढाई लवकर संपते, हीलरचा माना (जादूची शक्ती) वाचतो.

धनकवडीची प्रीस्ट:
दादा, टँक माना संपल्यामुळे क्वचितच मरतो. तो मरतो दोन हीलच्या मधल्या फटीत. बॉसचा साधा घाव २००० चा धरा. क्रिट दुप्पट, म्हणजे ४०००. चिरडणारा क्रशिंग घाव दीडपट, म्हणजे ३०००. दोन सेकंदांच्या अंतरानं हे लागोपाठ आले तर ७००० गेले, आणि माझी ग्रेटर हील टॅलेंट घेऊनसुद्धा अडीच सेकंदांची.

शिवाय क्रशिंग डिफेन्सनं कमी होत नाही. ३०० वर कितीही चढवा, १५ टक्के ते १५ टक्केच. मिस (घाव चुकणं), डॉज (घाव चुकवणं) आणि पॅरी (शस्त्रानं अडवणं) मिळून २५ टक्के असले की उरलेले ७५ ढालीचा शील्ड ब्लॉक भरून काढतो आणि क्रशिंगला शक्यतांच्या टेबलात जागाच उरत नाही. ढालच नसेल तर हे कशानं साधणार? आणि आर्मर बघा. ढालीसकट ९००० असेल तर ६१ टक्के मार अडतो. २५०० ची ढाल काढली की ५३. म्हणजे प्रत्येक घाव पाचव्या हिश्शानं जड.

हडपसरचा रोग:
ताई, हिशोब बरोबर आहे, पण रेजचं (वॉरियरचे वार ज्यावर चालतात त्या शक्तीचं) काय? १००० डॅमेज खाल्लं की टँकला साधारण ११ रेज मिळतो. घाव डॉज केला तर काहीच नाही. गियर जसं सुधारतं तसा ढालवाला कोरडा पडत जातो, १५ रेजचा संडरसुद्धा वेळेवर बसत नाही. उलट स्वतः २०० चा घाव घातला तर साडेसहा रेज मिळतो. दुसऱ्या हातातलं शस्त्र त्यासाठीच.

आणखी एक, कारण हे वारंवार चुकतं. पॅलाडिन ग्रेटर सॅल्व्हेशन सगळ्या वॉरियरांना एकदम देतो, त्यात टँकही सापडतो आणि त्याचा ३० टक्के थ्रेट जातो. ते काढणारी ओळ संडरच्याच मॅक्रोत (एका बटणावर बांधलेल्या आज्ञांत) घाला.

औंधचा ढालकरी:
दोन शस्त्रांचा खरा तोटा अजून कुणी काढलाच नाही. समोरून मारलेले १४ टक्के घाव बॉस पॅरी करतो, आणि पॅरी केली की त्याचा पुढचा घाव ४० टक्के लवकर येतो. २.७ आणि १.७ वेगाची शस्त्रं असतील तर मिनिटाला ५७ घाव, त्यातले ८ पॅरी. एकट्या १.७ च्या तलवारीला ३५ घाव, ५ पॅरी. यात फ्लरी (घावांचा वेग वाढवणारं टॅलेंट) धरलेलीच नाही. हीलर बॉसच्या घावांची लय पकडून हील सोडतात, ती लय तुम्हीच मोडता.

सिंहगड रोडचा मेज:
तुमच्या वादात दुसरा टँक राहूनच जातोय. पावसाळ्यात आपल्याकडे दिवे जातात, इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात राउटर बंद होतो आणि परत जोडायला दोनेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ मुख्य टँक नुसता उभा, ना शील्ड ब्लॉक ना संडर. थ्रेटमध्ये त्याच्या खालोखाल रोग असेल तर टँक पडल्याबरोबर बॉस रोगावर. त्या जागी कायम दुसरा टँकच हवा. आणि राउटरला छोटा यूपीएस लावा, त्यात कसूर नको.

कर्वेनगरचा वॉरियर:
पॅरीचा मुद्दा मान्य. पॅचवर्क या बॉसला ढाल, तेही मान्य, कारण तिथे घाव खरंच जीवघेणे आहेत. तरी सात मिनिटांत तो बेभान होतो, म्हणजे डॅमेज तिथेही मोजूनच द्यावं लागतं. पण व्हेलास्ट्राझ या बॉसला मी हटणार नाही. तिथे सेकंदाला २० रेज फुकट मिळतो, मेजचा माना संपत नाही, रोगाची एनर्जी संपत नाही. दर ४५ सेकंदांनी टँकवर बर्निंग अॅड्रेनलिन येतं आणि २० सेकंदांत तो मरतो. पुढचा टँक थ्रेटमध्ये पाठोपाठ नसेल तर संपलं. ढाल मॅक्रोवर ठेवतो, गरज पडली की चढवतो.

धनकवडीची प्रीस्ट:
मॅक्रोवरची ढाल चढवली की दीड सेकंद बहुतेक बटणं चालत नाहीत. व्हेलास्ट्राझला तुमचं चालेल, तिथे ढाल असून नसून टँक मरणारच आहे. बाकी बॉसना ढाल पहिल्या घावाआधी हातात दिसू दे, दादा. अंगावर क्रशिंग बसल्यावर ढाल चढवाल तोवर उशीर झालेला असेल आणि माझी हीलही अर्ध्यात असेल.