प्रतिसाद: भाषेच्या संशोधनाला पैसा कशाला लागतो?

वर एकांनी लिहिलंय, मानव्यविद्येच्या प्राध्यापकाला वही, पेन आणि ग्रंथालय पुरतं, विद्यापीठाने त्यावर वेगळा निधी का खर्चावा. हे मनाला लागलं म्हणून लिहिते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा संस्कृत महाकोश, म्हणजे संस्कृतचा प्रचंड शब्दकोश बघा. 1948 मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी काम सुरू केलं. ऋग्वेदापासून पुढच्या अनेक शतकांतले सुमारे 1500 ग्रंथ वाचून, शब्द कुठे कोणत्या अर्थाने आला याच्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. छापील कोश सुरू व्हायला 1970 चं दशक उजाडलं, आणि इतक्या वर्षांत अजून 'अ' या अक्षरातच काम चालू आहे! तीन वर्षांत 'निष्पत्ती' मागणाऱ्या कुठल्या योजनेत हे बसलं असतं?

त्याच संस्थेने राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं. गावोगावी जाऊन माणसांची बोली ध्वनिमुद्रित करायची, तर प्रवास, मुक्काम, यंत्रं, लिप्यंतर करणारे, म्हणजे ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढणारे साहाय्यक हे सगळं आलंच. लिप्यंतरात किती वेळ जातो, हे केल्याशिवाय कळत नाही.

मी स्वतः बोलीवर काम करते. आमच्याकडे उपकरणांची बिलं लगेच मंजूर होतात, पण लिप्यंतर करणाऱ्या मुलीचं मानधन 'या खर्चाच्या शीर्षात बसत नाही' म्हणून परत आलं. माझ्या मते विद्यापीठांनी आधी माणसांच्या वेळेसाठी पैसे ठेवावेत. प्राध्यापकाला एक सत्र अध्यापनातून मोकळीक मिळाली, तरी खूप काम होईल.