फॉरवर्ड घ्याच, पण निवड कशी करणार?
क्रीडा कोट्यातून दोन चपळ सेंटर फॉरवर्ड (पुढच्या फळीत मधोमध खेळून गोल करणारे) घेतले की महाविद्यालयाच्या हॉकी संघाचे गोल वाढतील, असे मत इथल्या चर्चेत मांडले गेले; ते मला अर्धेच पटते. चेंडू गोलसमोरच्या १४.६३ मीटरच्या वर्तुळात, म्हणजे जिथून गोल करता येतो तिथे, पोहोचवणारा मध्यफळीतला खेळाडू नसेल, तर नवे फॉरवर्ड नुसते वाट पाहत उभे राहतील. शिवाय पेनल्टी कॉर्नरचा, म्हणजे बचाव संघाच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या आणि मागच्या रेषेवरून चेंडू ढकलून सुरू होणाऱ्या संधीचा, विषय चर्चेत आलेलाच नाही. तिथे गोलवरचा पहिला फटका हिट (स्टिक फिरवून मारलेला) असेल तर चेंडू गोलरेषा ओलांडताना ४६० मिलिमीटरपेक्षा उंच असून चालत नाही, ड्रॅग फ्लिकला (चेंडू स्टिकने ओढत नेऊन उचलून फेकण्याला) मात्र ते बंधन नाही. म्हणून एक बरा फ्लिकर आणि रेषेवरून सपाट, वेगवान चेंडू ढकलणारा मुलगा आधी शोधावा.

ग्वाल्हेरात मी पाहिलेल्या निवड चाचण्यांत मुलांना शंकूंमधून ड्रिबल करायला, म्हणजे स्टिकने चेंडू खेळवत पळायला लावतात आणि त्यावरच गुण देतात. मुरमाड मैदानावर वाढलेला मुलगा, चेंडू कधी उसळेल याचा नेम नसल्याने, मान खाली घालून चेंडू स्टिकला चिकटवून ठेवतो. शंकूंमध्ये हे देखणे दिसते, पण टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, तेवढ्यात बचावपटू अंगावर आलेला असतो. त्यापेक्षा त्याला गोलकडे पाठ करून उभे करावे, जोरदार पास द्यावा आणि पहिल्याच स्पर्शात तो चेंडू उजव्या हाताला, फटक्याच्या अंतरावर ठेवतो का, एवढेच पाहावे.